जुनं सागवानी कपाट घरात आणताय? पॉलिशवाल्याला सर्वात शेवटी बोलवा

आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आली की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "आजोबांचं कपाट गावाहून आणलंय, उद्या पॉलिशवाला येतोय, कोणता रंग द्यायला सांगू?" श्रावणात कानबाईच्या सणाआधी घर धुऊन-रंगवून काढायची घाई असते, तेव्हा हेच फोन पुन्हा. आणि दिवाळीत पुन्हा, पण तेव्हा प्रश्न बदललेला असतो: "पॉलिश पांढरं पडलंय, दाराचं पाखं अडकतंय, खालून भुसा पडतोय. काय करू?"

जळगाव-धुळ्याच्या नव्या फ्लॅटांत सध्या फिकट भिंती, मोजकं सामान आणि त्यात एखादी जुनी सागवानी वस्तू अशी मांडणी आवडू लागलीय. पेटाऱ्याचं सेंटर टेबल होतं, वाड्याच्या खिडकीच्या चौकटीत आरसा बसतो, हॉलमध्ये बंगई (झोपाळा) टांगतात. काळपट-तपकिरी चकचकीत पॉलिश मागे पडलंय, लाकूड लाकडासारखं दिसावं अशी मॅट फिनिशची मागणी आहे. नेमकी इथेच अडचण होते. गडद चकाकीखाली पूर्वी दहा चुका लपायच्या. मॅट पॉलिशखाली एकही लपत नाही.

खाली दोन पाखी कपाट धरून सगळा क्रम दिलाय. पेटारा, टेबल, पलंग यांनाही तोच लागू पडतो.

१. आधी महिना ठरवा

आखाजी आणि कानबाई हे आपले घर सजवायचे दोन मोठे मुहूर्त, आणि लाकडाच्या कामाला नेमके तेच दोन्ही वाईट.

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. स्पिरिट आणि थिनर इतक्या झपाट्यानं उडतात की हात फिरवता फिरवता पॉलिश ओढलं जातं आणि पट्टे उठतात. लाकूडही त्या दिवसांत वर्षातलं सर्वात आकसलेलं असतं. श्रावणात उलटं होतं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिशमध्ये दुधट डाग अडकतो. "पॉलिश पांढरं पडलं" म्हणतात ते हेच. माल खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

चांगला काळ म्हणजे दिवाळीनंतर होळीपर्यंत. तेव्हा हवा कोरडी असते, ऊन मवाळ असतं आणि धुळीची वावटळही नसते. किडीचा टप्पा सोडून एका कपाटाला सलग नाही तरी तीन-चार आठवडे लागतात, त्यातले निम्मे दिवस नुसते वाळण्याचे आणि थांबण्याचे.

सावध: आखाजीला लेक माहेरी यायची आहे आणि कपाट दाखवायचंच आहे, तर साफ पुसून, कोरडं मेण लावून दाखवा. पॉलिश नोव्हेंबरला ठेवा.

२. गावाहून उचलण्यापूर्वीची तपासणी

टेम्पो ठरवण्याआधी एक टेप, एक टोकदार पेचकस आणि टॉर्च घेऊन जा.

पहिलं माप दारांचं. फ्लॅटचं मुख्य दार साधारण तीन फुटांचं, आतली त्याहून अरुंद. जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दार दोन्ही मोजा. जुनी कपाटं बहुधा सुटी होतात: वरची नक्षीची पट्टी, पाखी, फळ्या, पाठ. सुटं करताना प्रत्येक भागावर आतून खडूनं खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. माझ्या आत्याच्या कपाटाची पाखी आम्ही खूण न करता उतरवली. परत लावताना डावं उजवीकडे गेलं, आणि कोयंडा बसेना म्हणून कुणीतरी चक्क चौकट तासली. आत्यानं एकच विचारलं, "हाई काय करी टाकं रे भाऊ?" त्याला उत्तर नव्हतं.

दुसरं म्हणजे लाकूड. खणाचा तळ, फळीची खालची बाजू, पायाचा आतला भाग असा पॉलिश न पोचलेला कोपरा पाहा. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी असतो आणि किंचित घासला की तेलकट, चामड्यासारखा वास येतो. जुन्या बाजारातून घेत असाल तर आतल्या बाजूला गोल करवतीचे ताजे, एकसारखे ओरखडे आणि सगळे नवे स्क्रू दिसले की समजा, "जुनं" हे विशेषण पॉलिशपुरतंच आहे. नव्या कापाचं सागवान कुणी स्वस्तात देऊ करत असेल तर वनखात्याचा वाहतूक परवाना मागा. तो नसेल तर व्यवहार सोडून द्या.

तिसरं, पेचकस टोचा. पाय, मागच्या फळ्या आणि भिंतीला टेकणारी बाजू. शहाबादी फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते आणि ते पाणी वर्षानुवर्षं पायांच्या तळातून वर चढतं. टोक सहज रुतलं तर तेवढा पाय बदलावा लागेल. हे आता कळलेलं बरं.

३. किडीचा बंदोबस्त

हा टप्पा गाळून पुढे गेलेल्यांचे फोन मला सर्वात जास्त येतात. "सागाला कीड लागत नाही" हे अर्धसत्य आहे. सागाचा गाभा टिकतो. कडेचा फिकट, पिवळसर भाग टिकत नाही. शिवाय जुन्या कपाटाची पाठ आणि खणाचे तळ पुष्कळदा दुसऱ्याच हलक्या लाकडाचे असतात.

दोन शत्रू ओळखा. मातीच्या बारीक नळ्या आणि आतून पोकळ झालेलं लाकूड म्हणजे वाळवी. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा. ही मातीच्या नळ्यांची वाळवी वस्तूत राहत नाही, ती जमिनीतून आणि भिंतीतून येते. म्हणून कपाट कितीही औषधात बुडवलं तरी नव्या घरातली भिंत ओली असेल तर ती परत येणार. भुंगा मात्र लाकडातच असतो आणि तुमच्याबरोबर टेम्पोत बसून येतो.

तपासणी: भोकं जुनी आहेत की कीड चालू आहे? कपाट झटकून साफ करा, खाली काळा कागद अंथरा, पंधरा दिवस हलवू नका. कागदावर नवा भुसा पडला तर कीड जिवंत आहे.

भुंग्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात तयार मिळणारं, तेलात बनवलेलं लाकडाचं कीडनाशक घ्या. इंजेक्शनच्या सिरिंजनं एकेका भोकात सोडा, उघडं लाकूड ब्रशनं भिजवा, मग प्लास्टिकमध्ये आठवडाभर गुंडाळून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या वेळी अंडी सुटतात. त्यानंतर पूर्ण वाळायला दोन आठवडे मोकळ्या हवेत, सावलीत. ओशट लाकडावर ना सरस धरत ना पॉलिश.

सावध: कपाशीवर मारायचं औषध घरात पडलेलं असतं आणि हात त्याच्याकडेच जातो. ते शेतासाठी आहे. ज्या कपाटात कपडे आणि अंथरुणं ठेवायची, ज्याच्या शेजारी पोरं झोपायची, त्यात ते कदापि नको.

आणखी एक चाल: कीड मरावी म्हणून कपाट मे महिन्यात धाब्यावर (गच्चीवर) उन्हात टाकणं. कीड मरेल की नाही हे सांगता येत नाही, फळी मात्र चिरेल.

४. जुनं पॉलिश किंवा रंग उतरवणं

थेट मशीन लावू नका. आधी वर काय आहे ते ओळखा. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. चिकट होऊन तपकिरी रंग कापसावर आला तर ते जुनं चपडा पॉलिश, म्हणजे लाखेचं. नशीब उघडलं समजा! ते स्पिरिट आणि जुन्या सुती कापडानंच उतरतं, घासायची गरज फारशी पडत नाही. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ पडलं तर लॅकर आहे. दोन्हींना दाद देत नसेल तर ऑइल पेंट, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). त्याला पेंट रिमूव्हर लागतो.

रिमूव्हर ब्रशनं जाड थापा, एकाच दिशेनं. रंगासारखा मागे-पुढे घासत बसू नका. पंधरा-वीस मिनिटांत रंग सुरकुततो. कोपरे घासून गोल केलेल्या पत्र्याच्या पट्टीनं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं तो उचला. नक्षीतला रंग जुन्या दातांच्या ब्रशनं काढा. शेवटी थिनरनं दोनदा पुसा, नाहीतर उरलेला रिमूव्हर नव्या पॉलिशला महिन्याभरानं फुगे आणतो. हे सगळं सकाळी लवकर, उघड्यावर पण सावलीत. उन्हात रिमूव्हर कामाला लागायच्या आधीच वाळतो.

सावध: जुना हिरवा-निळा-पिवळा ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि घासल्यावर ते धुळीतून पोटात जातं. रसायनानं ओलाच काढा, खरवडलेलं कागदात गुंडाळून टाका, आसपास लहान मुलं नकोत.

कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतून रंग काढणारे अजून भेटतात. काम तासाभरात होतं, पण साग काळवंडतो, तंतू उभे राहतात आणि सांध्यांतला सरस सुटतो.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग पॉलिशनं झाकत नाहीत. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन मिळून ते होतात. लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून डागालगतची अख्खी फळी पुसा, नुसता डाग नाही, नाहीतर तिथे फिकट बेट उठून दिसतं. वाळल्यावर साध्या पाण्यानं दोनदा धुवा. ॲसिड विषारी आहे, हातमोजे घाला आणि ते वाळलेलं असताना घासू नका.

५. सांधे

कपाट डुगडुगतं म्हणून कोपऱ्याला लोखंडी एल-पट्टी ठोकली की काम झालं, असं वाटतं. वर्षभरात पट्टीच्या स्क्रूशेजारी फळी चिरते. जुन्या कामात एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवून वर लाकडी खुंटी मारलेली असते. तो सांधा खोलून पुन्हा बसवायचा असतो.

खुंटी मागून हळूच ठोकून काढा. कुसू आणि भोकातला जुना, खडीसारखा झालेला सरस पटाशीनं खरवडा, कारण फेविकॉल जुन्या सरसावर धरत नाही. मग सुतारही विसरतात ती गोष्ट: साग तेलकट असतो, म्हणून जोडायच्या जागा थिनरनं किंवा ॲसिटोननं पुसा आणि तासाभराच्या आत फेविकॉल लावून बसवा. कुसू सैल असेल तर लांबी (पुट्टी) भरू नका, सागाचीच पातळ चीप चिकटवून ते जाड करा. शिकंजे नसतील तर दोरी गुंडाळून त्यात काठी घालून पिळा. चोवीस तास हात लावू नका.

तपासणी: सरस ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. पाच मिलिमीटरचा फरक असला तरी पाखं पुढे कधीच नीट लागणार नाही.

आता एक मोह टाळायचा आहे. पाखाच्या चौकटीत बसवलेल्या मधल्या फळीच्या कडेला बारीक फट दिसते आणि लांबीचा डबा समोरच असतो. ती फट मुद्दाम ठेवलेली आहे. फूटभर रुंदीची फळी मे आणि श्रावण यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर सहज आकसते-फुगते. फट बुजवली किंवा फळी चौकटीला चिकटवली की पावसाळ्यात एकतर चौकट उघडते, नाहीतर फळी मधोमध तडकते. त्याच कारणानं श्रावणात अडकणारा खण लगेच रंधू नका. कडेला मेणबत्ती घासा आणि कार्तिकापर्यंत वाट पाहा. पावसात रंधलेला खण मेमध्ये खुळखुळ्यासारखा वाजतो.

६. घासणं

भोकं आधी भरा. मोठ्या खड्ड्याला त्याच लाकडाचं, त्याच दिशेच्या रेषांचं थिगळ. बारीक भोकांना सागाचा भुसा चपड्यात कालवून. फेविकॉल आणि भुशाचं मिश्रण स्वस्त पडतं, पण त्यावर पॉलिश मुरत नाही, ठिपके दिसत राहतात.

मग पॉलिश पेपर: ८० फक्त खरखरीत जागी, नंतर १२०, १८०, २२०. नंबर गाळू नका. ८० चे ओरखडे २२० नं जात नाहीत, नुसते चमकतात. नेहमी रेषांच्या दिशेनं, पेपर लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळून. कडा आणि नक्षीवर हातानं, अगदी हलकं. जिथे पिढ्यांचे हात लागून कडा गुळगुळीत गोल झालीय ती तशीच राहू द्या. ती सपाट केली तर हजारो रुपये घालून तुम्ही नवं कपाट बनवलं.

१८० नंतर ओल्या फडक्यानं एकदा पुसा. तंतू उभे राहतील. वाळल्यावर २२० मारा. हे आता केलं नाही तर पॉलिशच्या पहिल्या हाताला लाकूड काटेरी लागतं.

तपासणी: अंधार करून मोबाइलचा टॉर्च फळीला अगदी आडवा धरा. दिवसा न दिसणारे गोल ओरखडे लगेच दिसतील.

७. रंग आणि पॉलिश

नुसत्या पॉलिशनंतर रंग कसा दिसेल हे कळायला स्पिरिटचं फडकं फिरवा. ओलं असताना दिसतो तोच साधारण शेवटचा रंग. दहापैकी आठ वेळा लोकांना तोच आवडतो आणि वॉलनट रंगाच्या डब्याचे पैसे वाचतात. रंग (स्टेन) द्यायचाच असेल तर फळीच्या खालच्या बाजूला आधी लावून, वाळवून, घरातल्या उजेडात पाहा. दुकानातल्या शेड-कार्डावर विसंबू नका.

पॉलिश कुठलं? कपाट, पेटारा, आरशाची चौकट यांना चपडा. तो दुरुस्त करता येतो: दहा वर्षांनी ओरखडा पडला तर वरूनच हात देता येतो. पण गरम भांडं आणि पाणी त्याला सोसत नाही. जेवणाच्या टेबलाला किंवा चहा ठेवायच्या पेटाऱ्याच्या झाकणाला मॅट पीयू, आणि तो फवारणी करणाऱ्याकडूनच. साध्या स्टुलाला, बंगईच्या फळीला बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) आणि वर मेण पुरतं.

चपडा घरी करायचा तर दीडशे ग्रॅम चपडा लिटरभर स्पिरिटमध्ये काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत रात्रभर भिजवा, अधूनमधून हलवा, मलमलीतून गाळा. लोखंडी डब्यात तो काळा पडतो. कापसाचा गोळा मलमलीत बांधून त्याची पुडी करा आणि ओलसर पुडीनं पातळ हात द्या, सरळ, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मध्ये थांबलात तर पुडी चिकटते. थंडीत अर्ध्या-पाऊण तासानं पुढचा हात. तीन हात झाले की एक रात्र जाऊ द्या, ३२० नं हलकं फिरवा, पुसा, मग पुन्हा तीन. आठ-दहा पातळ हात लागतात. जाड दोन हातांत उरकलं की वर्षभरात मगरीच्या पाठीसारख्या भेगा. मॅट हवं असेल तर आठवडाभरानं बारीक स्टील वूलला मेण लावून रेषांच्या दिशेनं घासा.

पांढरट डाग आलाच तर सगळं खरवडू नका. कोरड्या दिवशी जवळजवळ कोरड्या पुडीवर चार थेंब स्पिरिट घेऊन वरून झरझर फिरवा. बहुतेक वेळा जातो.

सावध: बेलतेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकर. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा. स्पिरिटच्या कामाजवळ गॅस, उदबत्ती, विडी काही नको.

८. घरात जागा देताना

कुलरची थेट झोत ही आपल्याकडची खास बिमारी. कपाटाच्या एका बाजूला चार महिने ओली हवा आणि दुसऱ्या बाजूला लू, मग पाखं पिळवटणारच. कुलरच्या समोर आणि खिडकीच्या पश्चिमेच्या उन्हात जुनी वस्तू नको. भिंतीपासून दोन इंच सोडा, विशेषतः काळ्या मातीवर बांधलेल्या, पावसात ओल चढणाऱ्या घरात. पायांखाली रबरी बूट घाला, फरशी पुसताना पाय भिजणार नाहीत.

बंगईबद्दल लोक फळीचं पॉलिश विचारतात, हुकाचं कुणी विचारत नाही. चार माणसं झोका घेतात तेव्हा हुकावरचा ताण त्यांच्या नुसत्या वजनापेक्षा बराच वाढतो. स्लॅब ओततानाच सळईत अडकवलेला हूक सर्वात चांगला. तो नसेल तर इंजिनिअरला दाखवून बीममध्ये आरपार बोल्ट घ्या. फॉल्स सीलिंगच्या पट्टीला किंवा विटेच्या कामाला टांगलेली बंगई मी पाहिलीय. त्यावर बसलो नाही.

एका खोलीत जुनी वस्तू एकच ठेवा, फार तर दोन. बाकी सामान साधं असू द्या आणि कपाटाशेजारी पांढऱ्याफटक ट्यूबऐवजी पिवळसर उजेडाचा दिवा लावा. पहिला महिना पाखी रोज थोडा वेळ उघडी ठेवा, आतल्या पॉलिशचा वास जाईपर्यंत कपडे आत नकोत. पहिला पावसाळा संपला की पुन्हा एकदा तो काळा कागद खाली अंथरून पंधरा दिवस बघा.